पानाआडचे घरटे

सोलापूरच्या कापडपेठेत त्यांचे तीन पिढ्यांचे दुकान आहे. पुढे गादी, तिच्यामागे ताक्यांनी भरलेली वखार आणि वखारीच्या मागच्या दाराबाहेर फरसबंदी परसू. त्या परसात एक जुना आड, दोन जास्वंदी, एक कढीलिंब आणि भिंतीलगत आपसूक उगवलेले देशी बदामाचे पुरुषभर उंचीचे झाड. पासष्टाव्या वर्षी गादीचा कारभार मुलाच्या हाती सोपवल्यावर ते या परसाकडे प्रथम नीट पाहू लागले. त्यापूर्वी चाळीस वर्षे त्यांची तेथून रोज ये-जा होती. परंतु ते जाणे-येणेच होते, पाहणे नव्हते.

कॅमेरा हाती आला तो योगायोगाने. नातवाच्या बारशाच्या वेळी मुलाने तो हौसेने घेतला होता. पुढे मोबाईलवरच सारे फोटो निघू लागले आणि तो कपाटात पडून राहिला. सोलापुरात पक्ष्यांचे छायाचित्रण म्हटले की नान्नजच्या माळढोक अभयारण्याचे नाव निघते. १९७९ साली घोषित झालेल्या त्या अभयारण्याच्या माळरानावर मोठमोठी भिंगे घेऊन लोक दुरून येत असत. त्यांना एवढी दगदग नको होती. शिवाय चौविहाराचा नियम असल्याने सूर्यास्तापूर्वी घरी असणे भाग होते. तेव्हा वखारीच्या दारात एक लाकडी स्टूल टाकून ते दुपारच्या शांत वेळी परसातले पक्षी टिपू लागले. सोलापूरचेच असलेल्या मारुती चितमपल्ली यांची पुस्तके त्यांनी वाचनालयातून आणली. त्यामुळे ज्यांना आजवर सरसकट ‘चिमण्या’ म्हटले होते, त्यांतले निम्मे पक्षी चिमण्या नव्हतेच, हे त्यांच्या ध्यानात आले.

जास्वंदीवर शिंजीर येई. फुलाच्या तोंडातून चोच घालणे जमले नाही, तर तो देठाजवळ बारीक छिद्र पाडून मध घेई. त्याचा निळा-जांभळा झगझगीत नर विणीचा हंगाम सरल्यावर एकाएकी दिसेनासा झाला, आणि त्याच्या जागी पिवळसर अंगाचा, गळ्यापासून पोटापर्यंत काळी रेघ असलेला एक पक्षी दिसू लागला. तो दुसरा कोणी नसून झळाळी उतरलेला तोच नर आहे, हे वर्षभर पाहत राहिल्यानंतर समजले. भिंतीवर ते जीवदयेचे म्हणून रोज मूठभर ज्वारी ठेवीत. चिमण्या ती टिपत. आपल्या दाण्यांवरच त्यांचे घर चालते, असा त्यांचा गोड समज होता. एके दिवशी भिंगातून दिसले की पिल्लांच्या वाट्याला जाणाऱ्या चोचीत ज्वारी नाही, अळी आहे. चिमणी स्वतः दाणे खाते. परंतु कोवळ्या पिल्लांना प्रामुख्याने कीटक भरवते. क्षणभर त्यांचे मन चरकले. मग त्यांनी विचार केला की पाखराला ना व्रत, ना व्रताचा भंग. ते आपल्या स्वभावाप्रमाणे जगते. नियम आहेत ते ज्याला निवड करता येते त्याच्यासाठी.

या सर्वांत त्यांचा जीव जडला तो शिंपी पक्ष्यावर. कापडाच्या व्यापाऱ्याला शिंप्याचे अप्रूप वाटावे, यात नवल नाही. आठ-नऊ ग्रॅम वजनाचा, हिरवट पाठीचा, तांबूस माथ्याचा, शेपटी उभी ठेवून सतत चुळबुळ करणारा हा पक्षी. आवाज मात्र देहाच्या मानाने फारच मोठा. त्या वर्षी आषाढाच्या उत्तरार्धात मादीने बदामाच्या एका रुंद पानाला घरट्यासाठी निवडले. पानाच्या दोन्ही कडांना तिने चोचीने बारीक छिद्रे पाडली आणि त्यांतून कापसाचे तंतू व कोळ्याच्या जाळ्याचे धागे ओवून कडा जवळ आणल्या. तिला गाठ मारावी लागत नाही; छिद्रातून बाहेर आलेले तंतूचे टोक पिंजून फुगते आणि टाका पक्का बसतो. पानाची अशी पुरचुंडी झाल्यावर आत कापसाची गादी. त्यातला काही कापूस दुकानाच्या केरातून वेचलेला होता. हे पाहून त्यांना असा आनंद झाला की संध्याकाळी त्यांनी तो प्रसंग घरात दोनदा सांगितला.

गावात त्याच सुमारास चातुर्मासासाठी महासतीजींचे आगमन झाले होते. पावसाळ्यात भूमीवर असंख्य जीव उत्पन्न होतात, पावलागणिक त्यांची विराधना होऊ नये म्हणून साधु-साध्वी विहार थांबवून एका जागी राहतात, हे त्यांना बालपणापासून ठाऊक होते. परसात बसल्यावर त्याची दुसरी बाजू दिसली. जीवांची जी दाटी पाहून साध्वीजी पाऊल आवरतात, त्याच दाटीच्या भरवशावर शिंपी पावसाळ्यात पिल्ले वाढवतो. एकाच ऋतूचे हे दोन अर्थ एकाच गल्लीत, पन्नास पावलांच्या अंतरावर नांदत होते.

श्रावणात तीन पिल्ले बाहेर आली. नर आणि मादी दोघेही काही मिनिटांच्या अंतराने चारा आणू लागले. सात वर्षांचा नातू शाळेतून येताच दप्तर टाकून आजोबांच्या मांडीशी बसे. परंतु घरट्याचे हवे तसे छायाचित्र मिळत नव्हते. वरचे एक मोठे पान छत्रीसारखे त्यावर आले होते. त्याच्या सावलीत आतली पिल्ले दिसत नसत. राखीपौर्णिमेच्या आदल्या दुपारी त्यांनी दुकानातून सुताचा एक दोरा आणला आणि ते पान हळूच बाजूला ओढून फांदीला बांधले. पान तोडले नाही, याचे त्यांना समाधानही वाटले. संध्याकाळी सोडून टाकू, असा मनोमन ठराव केला. मग स्टूल पुढे घेऊन, घरट्यापासून अवघ्या सहा फुटांवर ते कॅमेरा लावून बसले.

मादी आली. चोचीत हिरवी अळी होती. ती घरट्याकडे न जाता विजेच्या तारेवर बसली, खाली उतरली, पुन्हा तारेवर गेली. नरही आला आणि जास्वंदीत दडून कर्कश ओरडत राहिला. त्यांना वाटले, हा पक्षी बोलकाच आहे. घरट्यात तीन पिवळसर तोंडे उघडून थरथरत होती, वर उघडे आकाश होते, उजेड उत्तम होता. चाळीस मिनिटांत त्यांनी दोनशेहून अधिक छायाचित्रे घेतली. त्या वेळात एकदाही चारा भरवला गेला नाही. हे त्या वेळी त्यांच्या लक्षात आले नाही. रात्री छायाचित्रे पाहतानाही नाही.

दुकानातून हाक आली. सणाची गर्दी होती, साड्यांचे ढीग गादीवर उतरले होते, मुलाला एकट्याने आवरेना. दिवेलागणीपर्यंत ते गिऱ्हाइकांत गुंतले. दोरा सोडायचा राहून गेला.

सकाळी घरट्याची पुरचुंडी एका बाजूने फाटून लोंबत होती. कापूस फरशीवर पडला होता. आत काहीही नव्हते. कावळा आला की भारद्वाज, ते कळण्यास मार्ग नव्हता. दोघेही परसातले नित्याचे पाहुणे होते आणि दोघांनाही वरून उघडे पडलेले घरटे दिसणे स्वाभाविक होते. पान अजून बाजूला बांधलेले होते. त्यांनी दोरा सोडला. पान पुन्हा आपल्या जागी आले आणि रिकाम्या घरट्यावर सावली पडली.

तेवढ्यात नातू आला. “आजोबा, पिल्लं उडून गेली?”

“हो,” ते म्हणाले. “उडाली.”

मुलाने आनंदाने टाळ्या वाजवल्या. पिल्लांचे डोळे नुकतेच उघडले होते, पंखांवर पिसे धड फुटली नव्हती, हे त्या मुलाला माहीत नव्हते. त्यांना माहीत होते.

पुढचे वीस दिवस ते परसात गेले नाहीत. वाचन मात्र चालू राहिले, आणि वाचनातूनच त्यांना दोन गोष्टी समजल्या. एक, पक्षिछायाचित्रणात मुरलेले अनेक जण घरट्यांची छायाचित्रे घेत नाहीत आणि कित्येक स्पर्धांत ती स्वीकारलीच जात नाहीत. कारण आडोसा दूर करणे व जवळ थांबणे या दोन्हींमुळे पिल्ले दगावतात. दुसरी गोष्ट अधिक बोचरी होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे याचाही समावेश आहे. ज्या घरात मध वर्ज्य, कंदमूळ वर्ज्य, पाणी गाळल्यावाचून हंड्यात पडत नाही, त्या घरातल्या माणसाने तो शब्द दोनदा वाचला आणि पुस्तक मिटले.

संवत्सरीच्या संध्याकाळी स्थानकात प्रतिक्रमण सुरू झाले. श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आले: बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि भक्तपानविच्छेद. ही नावे त्यांनी चाळीस वर्षे उच्चारली होती. पाचव्या अतिचाराचा अर्थ, आपल्या अधीन असलेल्या जीवाच्या अन्नपाण्यात अंतराय आणणे. दावणीचे बैल आणि पदरचे नोकर यांच्यापुरता तो असावा, असे त्यांनी गृहीत धरले होते. बैल घरात कधीच नव्हते आणि नोकरांना त्यांनी कधी उपाशी ठेवले नव्हते. या वेळी तो शब्द येताच डोळ्यांपुढे विजेची तार आली. तारेवरची मादी, तिच्या चोचीतली अळी, आणि चाळीस मिनिटे. ती तीन पिल्ले त्या दुपारी त्यांच्याच अधीन होती. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला मध्यभागी ठेवले आहे, ते का, याचा उलगडा त्यांना स्थानकातल्या त्या सतरंजीवर झाला. मारण्याची इच्छा त्यांच्या मनाला शिवलीही नव्हती. एक चांगले छायाचित्र आपल्या संग्रही असावे, एवढीच इच्छा होती. आणि तिच्यापायी सावधपण सुटले होते. संग्रह कापडाचाच असावा लागतो असे नाही, हेही त्यांना त्या क्षणी उमगले.

प्रतिक्रमण आटोपल्यावर सगळे एकमेकांना हात जोडून क्षमा मागू लागले. व्यापारातले, नात्यातले, वर्षभर अबोला धरलेले, सगळेच. त्यांनीही रीतीप्रमाणे क्षमायाचना केली. घरी आल्यावर त्यांनी नातवाला जवळ बसवले आणि त्याच्यापुढे हात जोडले.

“बाळ, मिच्छामि दुक्कडं. पिल्लं उडाली नव्हती. मी पान बांधून ठेवलं, सोडायला विसरलो. त्यामुळे ती गेली. आणि तुला मी खोटं सांगितलं.”

मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, “शिंपीणबाईची माफी कशी मागायची?”

या प्रश्नाचे उत्तर त्यांना त्या रात्री देता आले नाही. ते कृतीतूनच देण्यासारखे होते आणि त्याला वर्ष लागले. दुसऱ्या दिवशी स्टूल वखारीच्या आत, खिडकीपाशी गेले. तेथून झाड पंचवीस फुटांवर आहे. घरटे दिसल्यास कॅमेरा म्यानात ठेवावयाचा. पान, फांदी, काटकी यांना हात लावावयाचा नाही. पक्षी चारा घेऊन अडखळला की आपण तेथून उठावयाचे. हे तीन नियम त्यांनी रोजमेळाच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले. त्या दुपारची छायाचित्रे त्यांनी पुसली. फक्त तारेवर थांबलेल्या मादीचे एक ठेवले. ते कोणाला दाखवण्यासाठी नाही. वहीत नावे पडलेली रक्कम खोडता येत नाही, म्हणून.

पुढच्या आषाढात मादी पुन्हा आली. ती तीच की दुसरी, हे सांगता येत नाही. नातवाने भिंतीवर कापसाचे पिंजलेले छोटे बोळे ठेवले. लांब दोरा पक्ष्यांच्या पायात अडकतो, म्हणून तो ठेवायचा नाही, हे त्याला आता कोणी सांगावे लागत नाही. घरटे पानांच्या आड कोठेतरी झाले. ते नेमके कोठे आहे, हे दोघांनीही शोधले नाही. चाऱ्याच्या येरझाऱ्यांवरून सारे यथास्थित आहे एवढे कळत होते. श्रावणातल्या एका सकाळी तीन पिल्ले घरट्याबाहेर पडून कढीलिंबाच्या फांदीवर अंगाला अंग लावून बसली. आजोबांनी खिडकीतून एकच छायाचित्र घेतले.

ते आता गादीमागच्या भिंतीवर आहे. त्यात पाने पुष्कळ आहेत आणि पिल्ले फार लहान दिसतात. गिऱ्हाइकांना ती सापडत नाहीत. मग नातू पुढे होतो आणि काचेवर बोट ठेवून मोजून दाखवतो: एक, दोन, तीन.