खुणेची तपासणी

शाळा सोडून पुष्कळ वर्षे लोटली. नोकरीनिमित्त मी आता स्टॉकहोमजवळ राहतो. येथे ओरिएंटिअरिंग हा खेळ घरोघरी ठाऊक आहे. नकाशा व होकायंत्र घेऊन, जंगलात लावलेल्या खुणा नेमून दिलेल्या क्रमाने शोधीत धावायचे, एवढाच तो खेळ. एर्न्स्ट किलांडर यांनी 1919 साली याच शहराबाहेर मोठी शर्यत भरवली आणि पुढे तो देशभर पसरला.

धावणाऱ्यांचे कौतुक सर्वत्र होते. माझ्या वाट्याला आली ती तपासणी. मार्ग आखणारा एक आणि तो तपासणारा दुसरा, असा येथील दंडक आहे, आणि मला तो फार शहाणपणाचा वाटतो. आखणाऱ्याच्या पायांना प्रत्येक खूण पाठ झालेली असते. त्यामुळेच नवख्याला ती कशी सापडेल, हे त्याला दिसेनासे होते.

जमीनमालकांची परवानगी, हरणांसाठी राखून ठेवायचे पट्टे, ही कामे आधीच उरकली होती. उरली ती पायपीट. आखणाऱ्याने प्रत्येक जागी क्रमांक लिहिलेली फीत बांधलेली असते. नारिंगी-पांढरी कापडी खूण शर्यतीच्या दिवशीच लागते. क्रमांक 31 पासून सुरू होतात, म्हणजे खुणेचा क्रमांक आणि तिचा क्रम यांची गल्लत होत नाही.

लहान मुलांच्या मार्गावर एक खूण मोठ्या खडकापाशी होती. नकाशा 1:10,000 प्रमाणाचा; म्हणजे एक मिलिमीटर म्हणजे दहा मीटर. पायवाटेच्या वळणापासून चार मिलिमीटर. मी चाळीस मीटर मोजीत गेलो. खडक होता, फीत नव्हती. ती वीसेक पावलांवर, कोवळ्या स्प्रूसआड दडलेल्या दुसऱ्याच खडकावर होती. परत वळणावर गेलो, पुन्हा मोजले. मग उलट दिशेने, ओढ्याकडून आलो. उत्तर तेच.

मार्ग आखणारे गृहस्थ वयाने वडील. नकाशातील समोच्च रेषा मला त्यांनीच वाचायला शिकवल्या. येथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, तरी वडीलधाऱ्यांना तोंडावर चूक दाखवणे मला अजूनही जड जाते. ‘‘हे जंगल मला पाठ आहे,’’ ते फोनवर म्हणाले. मी एवढेच म्हटले, ‘‘एकदा माझ्याबरोबर या. नकाशा तुमच्या हाती, पुढे तुम्ही.’’ वळणापासून मोजीत ते पहिल्या खडकापाशी थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग जाऊन फीत सोडून आणली.

ती तेथेच बांधली असती तर नियमाने काम पुरे झाले असते. मी मात्र सही करीना. प्रौढ धावपटूने दोन खडकांत घोळ केला तर दोन मिनिटे जातात. दहा वर्षांचे, एकटे धावणारे मूल रडवेले होते आणि भलत्याच दिशेला पळत सुटते. बराच खल झाला. अखेर खूण पायवाटेच्या फाट्यावर नेली आणि नकाशावरचे वर्तुळ नव्याने छापून घेतले.

शर्यतीच्या दिवशी निकालांपेक्षा माझे लक्ष निघालेल्या आणि परतलेल्या मुलांच्या यादीवर होते. वसतिगृहात दिवे मालवण्यापूर्वी हजेरी होई, तशीच ही हजेरी. शेवटचे नाव खोडले गेले, तेव्हा ते गृहस्थ आधीच पिशवी घेऊन खुणा गोळा करायला निघाले होते.