उंबरठ्यावर भेटणारा

जीपीएल या सॉफ्टवेअर लायसन्सला लोक उगाच भितात. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्टीव्ह बामर यांनी याच लायसन्सखालच्या लिनक्सला कर्करोग म्हटलं, त्यामागे धास्ती याचीच होती. ‘एकदा याचा कोड घेतला की आपलं सगळं चव्हाट्यावर मांडावं लागतं’ हा समज अजूनही मीटिंगांतून फिरतो.

खरं तर इतका भिडस्त गृहस्थ शोधून सापडायचा नाही. तुम्ही घरात काय करता, हे तो विचारतच नाही. कोड घ्या, तोडा, जोडा, कंपनीच्या शेकडो सर्व्हरवर वर्षानुवर्षं चालवा. बदललेली एक ओळही कुणाला दाखवायला नको. याचा हात आडवा येतो तो उंबरठ्यावर. प्रोग्रॅम दुसऱ्याच्या हाती दिलात, विकून असो की फुकट, तर सोर्स कोडही त्याला मिळालाच पाहिजे, तुमच्या बदलांसकट. तिथे मात्र भीडमुर्वत नाही. २००३ मध्ये लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये लिनक्स सापडलं. डबा दुकानात पोचला होता, म्हणजे उंबरठा केव्हाच ओलांडलेला. लिंक्सिस त्याच वर्षी सिस्कोने विकत घेतली होती. एवढ्या बड्या कंपनीलाही कोड खुला करावा लागला, आणि त्यातून पुढे ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची खुली प्रणाली उभी राहिली.

स्वारी विक्षिप्तही आहे. इतरांचा कोड खुशाल बदला म्हणणाऱ्या याच्या स्वतःच्या मजकुराला हात लावायची सोय नाही. नक्कल करा, बदल करू नका, असं सुरुवातीलाच बजावलेलं! हमीचं विचाराल तर कानांवर हात.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये याला आणलं, तेव्हा सॉफ्टवेअर टेपवरून, फ्लॉपीवरून हातोहात जायचं. आता ते कंपनीच्या सर्व्हरवरच बसून राहतं आणि आपण ब्राउझरमधून त्याला कामं सांगतो. वापरणारे कोट्यवधी, पण प्रोग्रॅम घराबाहेर पडलेलाच नाही. मग हा अडवणार कुणाला? २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीनेही ही फट बुजवली नाही. ते काम त्याच वर्षी धाकट्या भावाकडे, एजीपीएलकडे गेलं. नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही तो बदललेला कोड देववतो. गूगलने त्याला आपल्याकडे बंदीच घातली आहे.

खासगी बदल खासगी राहू देणं हा मला थोरल्याचा मोठा गुण वाटतो. पण साऱ्या जगाला सेवा विकणाऱ्याला घरातलं माणूस समजणं हा निव्वळ भाबडेपणा. सर्व्हरवर चालणारं काही लिहून खुलं करणार असाल, तर धाकट्यालाच बोलवा.