मिरच्यांच्या माळा आणि नक्षीची काठी

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, स्पेनच्या सीमेजवळ एस्पलेत नावाचं गाव आहे. तिथं जायचं तर शरद ऋतूत! पांढऱ्या भिंतींवर लालचुटूक मिरच्यांच्या माळा वाळत असतात. मिरची मूळची अमेरिकेतली. आपल्याकडे ती पोर्तुगिजांनी आणली. पण एस्पलेतची मिरची आपल्या लवंगीपुढे अगदीच गरीब हं! टोमॅटो घातलेल्या अंड्यांवर ती भुरभुरतात.

जवळच्या लारेसोर गावात ‘माखिला’ नावाची काठी बनते. वसंतात कारागीर मेडलरच्या झाडावर, जिवंत फांदीलाच चिरा देतो. झाड जखमा भरून काढतं आणि तिथं नक्षी उमटते! हिवाळ्यात फांदी तोडायची, मग कित्येक वर्षं वाळवायची. मुठीखाली अणकुचीदार टोक लपवलेलं असतं. काठी मालकाच्या उंचीला बेतलेली, वर त्याचं नाव कोरलेलं. तेव्हा माप द्यायचं आणि वाट बघायची. तोवर तुमचीच उंची वाढली तर मात्र पंचाईत!