नाव ड्यूकचे, घाम मजुरांचा

बकिंगहॅमशर हा इंग्लंडमधील परगणा समुद्रकिनाऱ्यापासून दूर आहे. पण त्याचे नाव तमिळनाडूतील एका खाऱ्या कालव्याला मिळाले आहे, हे वाचून नवल वाटेल.

चेन्नईच्या उत्तरेस, आंध्रच्या सीमेलगत गुम्मिडिपूंडी हे गाव आहे. तेथून समुद्राच्या दिशेने गेल्यास पुलिकतचे विस्तीर्ण खारे सरोवर लागते. बकिंगहॅम कालवा त्यातूनच उत्तरेस आंध्रात जातो.

१८०६ साली तो मद्रासपासून एन्नोरपर्यंतच खणलेला होता. पुढे तो वाढत गेला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सोलापूर-अहमदनगरकडील आपला मुलूख होरपळत होता, तशीच मद्रास इलाख्यातही अन्नान्नदशा होती. तेव्हा दुष्काळी काम म्हणून मद्रास शहरातील कूवम व अड्यार या नद्या सुमारे ८ किलोमीटरांच्या कालव्याने जोडण्यात आल्या. बकिंगहॅमचे ड्यूक त्या वेळी मद्रासचे गव्हर्नर होते. म्हणून कालव्यास त्यांचे नाव पडले.

याच पाण्यावरून नावा शहराला मीठ व सरपण पुरवीत. ती वाहतूक पुढे रेल्वेने व सडकांनी नेली. ड्यूकचे नाव नकाशावर राहिले. भाकरीसाठी कुदळ चालविणाऱ्यांची नावे मात्र कोणत्याही नकाशावर नाहीत. कालवा पाहताना त्यांचेही स्मरण असावे.