तळं साचताना

थेंबे थेंबे तळे साचे. बचत गटाच्या वहीत, फलकावर, भाषणात ही म्हण हमखास असते, आणि हल्ली ती माझा पिच्छा सोडत नाही. पैशापुरती ती खरी आहे. दहा-बारा जणींनी दरमहा थोडेथोडे टाकले की कुणाच्या मुलीची फी भरते, कुणाची शेळी येते. पण बायकांच्या बाबतीत ती खरी आहे का? तळ्यात पडलेला थेंब पुन्हा वेगळा निघत नाही. गटातली बाई मात्र सभा संपली की आपल्या घरी जाते आणि दार लावून घेते.

शिवाय ही म्हण सांगली जिल्ह्यातल्या आमच्या कडेगावात कशी रुजली, याचं मला नवल वाटतं. हा पर्जन्यछायेचा मुलूख. नुसत्या थेंबांनी इथं तळी भरली असती तर दुष्काळ कशाला पडले असते? पाणी आलं ते ताकारी आणि टेंभू योजनांचं. कराडजवळ टेंभूला कृष्णा अडवली, पंप बसवले, टप्प्याटप्प्यानं पाणी चढावर आणलं. आजही पंप बंद पडले, वीजबिल थकलं, की कालवा कोरडा. म्हणजे आमच्याकडं तळं साचत नाही, ते उपसून भरावं लागतं.

आणि पाणी नव्हतं तेव्हा बायका भेटत कुठं? विहिरीवर, हापशावर, टँकरच्या रांगेत. ते दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही, त्या घागरींनी कितीजणींच्या माना आणि कंबरा कायमच्या धरल्या. पण सुनेला घराबाहेर उभं राहून चार शब्द बोलता येत होते, ते त्या रांगेतच. नळ स्वयंपाकघरात आला आणि ते निमित्त गेलं. त्यात खानापूर, आटपाडी, कडेगाव भागातली कितीतरी घरं गलाईच्या धंद्यानं देशभर पांगलेली. सोनं-चांदी आटवणाऱ्या नवऱ्यामागं एखादी दूर दक्षिणेत जाते, तिथं शेजारणीची भाषा कळत नाही. एखादी इथंच सासू-सासऱ्यांपाशी राहते आणि फोनची वाट बघते. या दोघींत जास्त एकटी कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

याच जिल्ह्यात ऐंशीच्या दशकात इंदूताई पाटणकरांच्या स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीत नवऱ्यानं टाकलेल्या बायका एकत्र आल्या. त्यांनी स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड मागितलं, जमीन मागितली. मैत्रिणी हव्यात असं निवेदन कुणी दिलं नसेल. पण मोर्च्यात शेजारी चालणारीला आपलंच दुःख आहे हे कळणं, याची किंमत कार्डापेक्षा कमी होती का?

बचत गटाचंही तसंच. नाबार्डनं 1992 मध्ये पाचशे गट बँकांशी जोडायचा प्रयोग सुरू केला तो कर्जासाठी. राज्य सरकारच्या ‘उमेद’ अभियानाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब आहे. मैत्री नाही. ती नाही हेच बरं, असं मला वाटू लागलंय. ‘मैत्रिणीकडं जाऊन येते’ असं सांगून संध्याकाळी घराबाहेर पडणं आमच्याकडच्या सुनेला अजून जड जातं. ‘गटाची मिटिंग आहे’ म्हटलं की सासूसुद्धा चहाचं आधण स्वतः ठेवते. हप्ता दहा मिनिटांत गोळा होतो. उरलेल्या तासाभरात कुणाचं गर्भाशयाचं ऑपरेशन, कुणाच्या नवऱ्याची दारू, कुणाच्या लेकीचं मोडलेलं लग्न बोललं जातं. वहीत फक्त हप्ता चढतो.

इथवर आले की म्हण पटायला लागते, आणि मग थकलेल्या हप्त्यांची आठवण होते. जिचा हप्ता थकतो ती आधी सभेत मागं बसते, मग यायचीच थांबते. जिला सोबतीची सगळ्यात जास्त गरज, तीच नेमकी बाहेर पडते. कर्ज सामायिक असल्यानं बाकीच्या जणींना गप्प बसून चालत नाही. दोघीजणी तिच्या घरी जातात. तब्येत विचारतात, पोरांचं विचारतात, आणि शेवटी पैशांचंही विचारतात. त्या मैत्रिणी म्हणून आल्या की वसुलीला, हे तिला कसं कळावं? त्या दोघींना तरी ते नक्की सांगता येईल का? हप्त्याचं निमित्त काढून घेतलं तर गट उरणार नाही आणि ठेवलं तर ती बाई दार उघडणार नाही. यातलं कोणतं सोसायचं, ते मला कळत नाही.