तालमीचा माणूस

मी जन्मानं कोल्हापूरचा नाही, नांदेडकडचा. वडील पाटबंधारे खात्यात होते. ऐंशीच्या दशकात त्यांची बदली झाली आणि आम्ही मंगळवार पेठेतल्या एका जुन्या वाड्यात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायला आलो. पुढं शिक्षण झालं, नोकरी लागली, पुण्यात घर झालं. तरी आज कुणी विचारलं, तू कुठल्या टीमचा, तर मला विचार करावा लागत नाही. मी मंगळवार पेठेतल्या एका तालमीचा. तिचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर निम्मं कोल्हापूर त्या नावापाशीच अडेल, आणि मला जे सांगायचं आहे ते शिवाजी पेठेतल्या माणसालाही तेवढंच लागू आहे.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकाला प्रश्न पडेल, तालमीचा आणि फुटबॉलचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो समजला नाही तर इथला समर्थक समजणार नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आसरा दिला, 1912 साली खासबाग मैदान उभं राहिलं, पेठापेठांतून तालमी घुमू लागल्या. पुढं राजघराण्याच्याच पाठबळानं शहरात फुटबॉल रुजला आणि लाल मातीत अंग घासलेली हीच पोरं बॉलमागं धावू लागली. 1940 साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आमची केएसए, स्थापन झाली. आजही लीगच्या संघांची नावं वाचा: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी ही त्यांच्याच जोडीची. कित्येक तालमींत आता कुस्तीच्या हौदात कुणी उतरत नाही, पण गणपती तालमीचाच बसतो, मोहरमला पंजे बसतात तेही तालमीत, गल्लीतल्या लग्नात वाढायला पोरं तालमीची, आणि कुणी गेलं तर तिरडी बांधायलाही तीच. फुटबॉलची टीम हे या संसारातलं एक अंग आहे, सगळ्यात जास्त दिसणारं आणि सगळ्यात जास्त ओरडायला लावणारं.

वाड्याच्या मालकांना सगळे आबा म्हणत. उद्यमनगरात लेथवर काम करायचे. नखांच्या कडांत तेलाची काळी रेघ कायमची. तरुणपणी ते तालमीच्या टीममध्ये बॅक खेळलेले. आम्ही राहायला आलो त्याच हिवाळ्यात एका दुपारी त्यांनी मला सायकलच्या नळीवर बसवलं.

"चल रं पोरा, ग्राउंडवर."

वाटेत मी विचारलं, "आबा, आपली टीम कुठली?"

"ह्याच गल्लीत ऱ्हातोस न्हवं? मग इचारतोस काय?"

माझी निवड एवढ्यात उरकली. रंग बघितला नाही, खेळाडू बघितले नाहीत, पेल्यांचं कपाट बघितलं नाही. नंतर कितीतरी लोकांना मी विचारलं आहे, तुम्ही तुमच्या टीमचे कसे झालात, आणि कोल्हापुरात उत्तर बहुतेक वेळा घराच्या पत्त्यातच सापडतं.

शाहू स्टेडियम रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी उभं आहे. शेजारीच खासबाग, तिथली भेळ, आणि चारच्या मॅचला कलतं ऊन थेट डोळ्यांत. पायऱ्यांवर प्रत्येक तालमीची जागा ठरलेली. ती कुठं लिहिलेली नाही, पण चुकून दुसरीकडं बसलेला माणूस पाच मिनिटांत आपसूक उठतो. आबांनी मला एकही नियम समजावून सांगितला नाही. ऑफसाइड म्हणजे काय ते मला पुष्कळ उशिरा कळलं. पण आमच्या बाजूला कॉर्नर लागला की आबांचा हात माझ्या गुडघ्यावर यायचा आणि बॉल डीतून बाहेर जाईपर्यंत दाब वाढत जायचा. त्यांचा उजवा पाय जागच्या जागी हलायचा, बॉल हाणल्यासारखा. माझ्या पुढच्या पायरीवरच्या तीन-चार म्हाताऱ्यांचे पायही तसेच हलताना दिसायचे. खेळ मी मैदानाआधी त्या पायांत पाहिला.

एका स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आम्ही टायब्रेकरवर हरलो. आमच्या सेंटर फॉरवर्डनं मारलेला बॉल गोलपोस्टवरून गेला. पायऱ्यांवर शिव्यांचा नुसता पाऊस. मीही, आईनं ऐकलं असतं तर तोंड धुवायला लावलं असतं असलं काहीतरी ओरडलो. आबा मात्र गप्प बसून राहिले आणि गर्दी पांगल्यावर सायकल हातात धरून चालतच घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडी वाजली. दारात तोच सेंटर फॉरवर्ड. आमच्याकडं म्हशीच्या दुधाचा रतीब त्याच्याच घरचा, हे मला तोवर माहीत नव्हतं, कारण एरवी त्याचा धाकटा भाऊ यायचा. डाव्या घोट्याला हळद आणि तुरटीचा लेप, वर फडक्याची पट्टी, आणि लंगडत लंगडत त्यानं किटली खाली ठेवली. आई पातेलं घेऊन आली. तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आबांच्या घरच्या आक्कांनी रात्रीच सगळी हकीकत तिच्या कानावर घातली होती.

"पाय लई दुखायलाय का रे भाऊ?" आईनं विचारलं.

"पाय बरा हाय, वहिनी. नशीब लंगडं."

त्यानं मापानं दूध घातलं आणि नेहमीसारखी वरची धार सोडली. आईनं त्याला चहाला थांबवून घेतलं. मी दाराआड उभा. आदल्या दिवशी ज्याला मी शिव्या घातल्या तो माणूस आमच्या कपातून चहा पीत होता आणि त्याचे डोळे रात्रभर जागल्यासारखे लाल होते. त्यानंतर त्याला शिवी घालणं मला कधी जमलं नाही. आईचंही तेच झालं. ती आयुष्यात एकदाही स्टेडियमवर गेली नाही, पण संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं की आधी विचारायची, "दूधवाल्यानं गोल केला का?"

टीव्हीवरचा मोठा खेळाडू कितीही आवडला तरी तो सकाळी तुमच्या दारात दूध घालायला येत नाही. आमच्या पेठेत सेंटर फॉरवर्ड दूधवाला, गोलकीपर फाउंड्रीत कामाला, हाफबॅकचं पानाचं दुकान. हरल्यावर त्यांच्याकडं पाठ फिरवायची म्हटलं तर दूध, पान, सगळंच बंद करावं लागलं असतं.

मी कॉलेजात असताना वडिलांचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. रक्त हवं होतं आणि आमचा एकही नातेवाईक शहरात नव्हता. आबांनी तालमीत निरोप धाडला. तासाभरात दवाखान्याच्या पायऱ्यांवर पोरं हजर. त्यांच्यात एक चेहरा बघून मी चमकलो. तो समोरच्या पेठेतला, आठवडाभरापूर्वी स्टेडियमवर आमच्याकडं हात करकरून ओरडणारा. आमच्या एका पोराचा तो मावसभाऊ, म्हणून आला होता. दंडाला कापूस दाबून बाहेर आला आणि म्हणाला, "काका बरं झालं की सांगा. रविवारी तुमास्नी हरवायचं हाय."

वडील बरे झाले. रविवारी आम्ही खरोखरच हरलो.

आता खेळ बदलला आहे. हंगामाच्या सुरुवातीला केएसएकडं खेळाडूंची नोंदणी असते तेव्हा कोण कुठल्या तालमीत गेला याच्या बातम्या निवडणुकीसारख्या वाचल्या जातात. काल आमच्या अंगावर गोल चढवणारा आज आमच्या जर्सीत दिसतो. नायजेरिया आणि आफ्रिकेतल्या इतर देशांतले खेळाडू एखाद-दुसऱ्या हंगामासाठी येतात, पेठेतच खोली घेऊन राहतात, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची सवय लावून घेतात. जुनी माणसं कुरकुरतात की गल्लीतला पोरगा बाकावर बसला. त्यांचं म्हणणं मला पटतं, गल्लीतल्या पोराला मैदान मिळालंच पाहिजे. पण हेही खरं की त्या लागोसच्या पोराला गोल केल्यावर खांद्यावर घेऊन पेठेत नाचवलेलं मी पाहिलं आहे, आणि त्याच्या ताटात वाढताना आक्कांच्या सुनेनं हात आखडलेलाही कधी दिसला नाही. खेळाडू येतात-जातात, जर्सी तालमीची आहे आणि तालीम जागेवर आहे.

पुण्यात मला हे फार जाणवलं. 2014 साली इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि पुण्याला एफसी पुणे सिटी मिळाली. मी लेकीला घेऊन बालेवाडीला जायचो. उत्तम हिरवळ, झगझगीत दिवे, नारिंगी जर्सीतली मनापासून ओरडणारी पोरं. 2018च्या मार्चात उपांत्य फेरी आली. बालेवाडीतला पहिला सामना बंगळुरूशी गोलशून्य बरोबरीत सुटला, आणि तिकडच्या दुसऱ्या सामन्यात सुनील छेत्रीनं तीन गोल करून आमची वाट अडवली. लेक हिरमुसली, पण पुढच्या वर्षी बघू म्हणाली. 2019 साली ती टीमच राहिली नाही. लीगमधली तिची जागा हैदराबादला गेली. लेकीनं विचारलं, "बाबा, मग आता आपण कुणाचे?" त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, आणि त्या नारिंगी पोरांकडंही नसणार. त्यांची माया खरी होती. ज्यांच्या हातात क्लब होता त्यांनी तो उचलला आणि ती माया ठेवायला जागाच उरली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

लेकीनं मग स्वतःची वाट धरली. मेस्सीमुळं बार्सिलोना. मला वाटायचं, टीव्हीवरचं प्रेम, मेस्सीबरोबर येईल आणि त्याच्याबरोबर जाईल. मग 2020चा ऑगस्ट आला. टाळेबंदीचे दिवस, कोल्हापुरातलं मैदान मार्चपासून बंद, आणि लिस्बनमध्ये चॅम्पियन्स लीगचा बार्सिलोना–बायर्न सामना. आपल्याकडं मध्यरात्र उलटल्यावर सुरू झाला. अर्ध्या वेळेलाच बायर्नचे चार गोल झाले होते. मी म्हटलं, झोप आता. ती म्हणाली, "संपेपर्यंत." पाचवा झाला, सहावा झाला. तिनं उशी छातीशी धरली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती पडद्यावरून नजर काढत नव्हती. मी उठून तिच्याजवळ सतरंजीवर बसलो. 8-2 झालं तेव्हा आम्ही दोघंही काही बोललो नाही. वर्षभरानं मेस्सी पॅरिसला गेला. लेक बार्सिलोनाचीच राहिली. मला नवल वाटलं नाही. ती रात्र तिच्यासोबत कुणी जागून काढली हे मला माहीत आहे, आणि आबा शेजारी नसते तर मी तरी तो टायब्रेकर किती दिवस लक्षात ठेवला असता?

तिला मी कोल्हापूरला नेतो. 2017 साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताच्या संघात आपला अनिकेत जाधव होता, तेव्हापासून तिला या शहराचं अप्रूप. दिल्लीत अमेरिकेनं आपल्याला तीन गोलनी हरवलं त्या रात्री समोरच्या पेठेतल्या माझ्या एका मित्राचा फोन आला होता, "बगितलास न्हवं, आपला पोरगा कसा पळत हुता?" आपला म्हणताना त्याच्या डोक्यात पेठ नव्हती.

पण एक गोष्ट मला मनापासून खटकते आणि ती लिहिल्याशिवाय पुढं जाणार नाही. हुल्लडबाजी. बाटल्या, दगड, मॅच संपल्यावर चौकात हातघाई, मग पोलीस, मग सामने बंद. दोन्ही बाजूंनी होतं, आणि आपल्या बाजूचं झाकून दुसऱ्याचं दाखवणारा माणूस आपल्याच तालमीचं नुकसान करतो. ज्या पोरांवर गुन्हे दाखल होतात त्यांची नोकरी, पासपोर्ट, सगळं अडकतं. बायका-मुलं पायऱ्यांवरून कमी होतात. माझ्यासारखं एखादं भाडेकरूचं पोर सायकलच्या नळीवर बसून कशाला येईल मग?

गेल्या खेपेला लेक माझ्याशेजारी बसली होती. पूर्वार्ध संपता संपता आमच्याविरुद्ध फाऊल दिला गेला आणि पुढच्या पायरीवरच्या एका पोरानं पाण्याची भरलेली बाटली मैदानाकडं उगारली. मी त्याचा हात धरला. त्यानं रागानं वळून बघितलं.

"तुम्ही कोण? कुठल्या पेठंतलं?"

मी आबांचं नाव सांगितलं, वाड्याचं सांगितलं. तो बघत राहिला. मग बाटलीचं टोपण काढून पाणी प्याला, उरलेली बाटली लेकीला देत म्हणाला, "घे, उन्हात बसलीयस." आणि लगेच मैदानाकडं वळून रेफ्रीच्या नावानं ओरडायला मोकळा झाला.

उत्तरार्धात आमच्या डाव्या विंगरनं कॉर्नर घेतला, बॉल गर्दीतून कुणाच्या तरी गुडघ्याला लागून आत गेला. गोल कुणाचा ते आम्हाला वरून दिसलं नाही. तो पोरगा उठून नाचायला लागला, लेकीनं विचारलं, "दादा, कुणी मारला?" आणि तो नाचता नाचताच म्हणाला, "आपण!"