कागद बरोबर होता

ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता. एका पतसंस्थेतून फोन आला, "सर, आमची सभासदांची यादी इंग्रजीत झाली." सप्टेंबरअखेर वार्षिक सभा, त्याआधी चौदा दिवस नोटिसा हातात पडायला हव्यात आणि साडेचार हजार नावांची यादी पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा काला होऊन बसलेली. आदल्या दिवशी नवा संगणक बसवला होता. बसवणाऱ्या मुलाने काम चोख केले होते. जुन्या यंत्रातली एकूण एक फाइल नव्यात आणली होती. आणला नव्हता तो फक्त एक फॉन्ट, कारण तो आणायचा असतो हे त्याला कुणी सांगितले नव्हते आणि संस्थेत कुणाला माहीत नव्हते.

मी पंचवीसेक वर्षे कार्यालयांतले संगणक सांभाळतो. पतसंस्था, शाळा, दूध संघ, वकिलांची कार्यालये. या काळात यूपीएसच्या बॅटऱ्या, अडकलेले कागद आणि विसरलेले पासवर्ड यांचे हजारो कॉल आले, पण त्यांत सांगण्यासारखे फार नाही. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी, अर्थिंग तपासून घ्यावे, एवढे पुरते. मला बोलायचे आहे ते आपल्या कार्यालयांतल्या मराठीविषयी. ती पडद्यावर दिसते, कागदावर उमटते, पण बहुतेक ठिकाणी संगणकाच्या पोटात ती मराठी नसतेच.

त्या यादीत कृतिदेव फॉन्ट वापरला होता. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द लिहिला की फाइलमध्ये जमा होतात ई, जे, के, बी, एच ही रोमन अक्षरे. फॉन्ट एवढेच करतो, की ई दिसायच्या जागी म काढतो, जेच्या जागी र आणि केच्या जागी काना. अक्षरांवर चढवलेला तो मुखवटा आहे. फॉन्ट काढला की खालचे रोमन उघडे पडते. श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा प्रत्येकाचा मुखवटा वेगळा, त्यामुळे एकाची फाइल दुसऱ्यात वाचता येत नाही. त्यातली काही सॉफ्टवेअर डोंगलशिवाय उघडत नसत. प्रिंटरच्या पोर्टला लावायची ती डबी हरवली किंवा नव्या यंत्राला ते पोर्टच नसले, की अनेक वर्षांचे काम कुलूपबंद.

त्या दिवशी दुसऱ्या टेबलावरच्या जुन्या यंत्रातून फॉन्टची फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि दहा मिनिटांत यादी 'मराठीत' आली. सगळ्यांना हायसे वाटले. मग व्यवस्थापक म्हणाले, "आता आलोच आहात तर यादी अकारविल्हे लावून द्या, दर वर्षी टाइपिस्ट ताईंना हाताने लावावी लागते."

एक्सेलने क्रम लावला तो असा: बोराडे, कदम, मोरे, मग एका रांगेत शिंदे, दिघे आणि निकम, त्यानंतर पवार. ताईंना हे वर्षानुवर्षे ठाऊक होते. त्यांना वाटे, संगणकाला मराठी येत नाही. संगणकाचा क्रम त्याच्या परीने अचूक होता. कृतिदेवमध्ये ब म्हणजे सी, क म्हणजे डी, म म्हणजे ई, प म्हणजे आय. आणि टाइपरायटरच्या सवयीने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, तिचे रोमन अक्षर एफ. म्हणून शिंदे, दिघे, निकम हे सगळे वेलांटीवाले एफच्या घरात एकत्र आले. शेळके बिचारे दूर कुठेतरी. शोधतानाही तेच. फाइलमध्ये 'शिंदे' हा शब्दच नाही, तर सापडणार कसा?

फाइलमध्ये मराठीच नाही, हे इतकी वर्षे कुणाच्या लक्षात का आले नाही? कारण कागद बरोबर होता. नोटीस छापली, सही झाली, शिक्का बसला, जावक क्रमांक पडला. आपल्या कार्यालयांनी संगणक घेतला तो चांगला टाइपरायटर म्हणून. टाइपरायटरकडून कुणी शोध, क्रम, बेरीज मागत नाही, तशी ती संगणकाकडूनही मराठीत मागितली गेली नाहीत. ज्या दिवशी आपण मागू लागलो, त्या दिवशी पोटातली पोकळी कळली.

खेदाची गोष्ट अशी, की सुरुवात योग्य झाली होती. कानपूरच्या आयआयटीत जन्मलेले आणि पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले जिस्ट तंत्रज्ञान डॉसच्या काळात संगणकात एक कार्ड बसवून भारतीय लिप्या लिहू देत असे. त्यात अक्षरे इस्की या भारतीय पद्धतीने साठवली जात, क हा क म्हणूनच. इस्की १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक झाले. युनिकोड या जागतिक मानकाची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची आणि त्यातला देवनागरीचा विभाग इस्कीच्या मांडणीवरच बेतलेला. मात्र विंडोज आले आणि स्वस्त, सोपा, लगेच छापता येणारा फॉन्टचा मुखवटा जिंकला. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोड संगणकात आले खरे, पण एक्सपीमध्ये ते मुद्दाम सुरू करावे लागे आणि त्यासाठी यंत्र मूळ सीडी मागे. ती सीडी कुठल्याच कार्यालयात जागेवर नसायची. मी स्वतः खिशात सीडी घेऊन फिरलो आहे.

युनिकोड म्हटले की आजही टाइपिस्ट दचकतात, कारण तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे. बोटे कुठल्या कळीवर पडतात तो कळफलक, अक्षर आत कसे साठते ते युनिकोड आणि ते दिसते कसे तो फॉन्ट. ताई रेमिंग्टन कळफलकावर चाळीसच्या वेगाची परीक्षा दिलेल्या. त्यांना वाटे, युनिकोड म्हणजे इंग्रजीत स्पेलिंग करून मराठी उमटवणे. ते त्यांना अपमानास्पद वाटायचे आणि मला त्यांचे म्हणणे पटते. पण युनिकोडमध्ये रेमिंग्टनच्याच बोटांनी लिहिण्याची सोय आहे. ती बसवून दिली, तेव्हा त्यांनी एक परिच्छेद त्याच वेगाने टाइप केला आणि म्हणाल्या, "मग हे आधी का नाही सांगितलंत?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. दुरुस्तीचे पैसे मिळतात, सांगण्याचे मिळत नाहीत. आमच्या धंद्यातला हा दोष मी मान्य करतो.

नव्याने शिकणाऱ्यांना मात्र मी इन्स्क्रिप्ट कळफलकच शिकवतो. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, क साठी के ची कळ, शिफ्ट दाबून तिथेच ख. बाराखडी येणाऱ्याला तर्क लगेच कळतो. रोज अर्धा तास दिला की दोन-तीन आठवड्यांत बोटे बसतात.

पुढे चार महिने शनिवारी दुपारी ताई आणि मी ती यादी युनिकोडमध्ये आणत होतो. कन्व्हर्टर होता, पण कन्व्हर्टरवर विसंबून चालत नाही. वेलांटी आधीची मागे न्यावी लागते, रफार मागचा पुढे आणावा लागतो. 'कार्यालय' टाइप करताना रफार या झाल्यावर येतो, युनिकोडमध्ये तो य च्या आधी लागतो. जोडाक्षर लांबले की यंत्र चुकते. आणि आपला तो मराठीचा खास अर्धा र, त्याने फार छळले. कऱ्हाडचे 'कर्हाड' झाले, कुऱ्हाडे आणि वऱ्हाडे यांच्या डोक्यावर रफार चढला. प्रत्येक नाव ताईंनी पाहिले. "हे गाव असं नाही, हे आडनाव आमच्या पेठेत असं लिहितात." ही माहिती कुठल्याच फाइलमध्ये नव्हती. ती त्यांच्याजवळ होती.

संचालकांची एक तक्रार रास्त होती. विंडोजच्या मंगल फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वळणाचे ल आणि श ठरवून दिले आहेत आणि मराठी वळणाचे युनिकोड फॉन्ट आज मोफत मिळतात. एकदा पोटात मराठी आली की कपडे केव्हाही बदलता येतात. उलटे होत नाही.

हे आत्ताच लिहितो आहे त्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. गावोगावी यंत्रे बदलली जात आहेत, जुनी भंगारात चालली आहेत. कुणीतरी फॉरमॅट मारील, सगळ्या फाइल नीट उतरवून घेईल आणि फॉन्ट मागे राहील. म्हणून जुने यंत्र देण्याआधी त्यातले फॉन्टचे फोल्डर आणि डोंगल जपून ठेवा. नवे यंत्र बसवणाऱ्याच्या कामाच्या यादीत हे लिहूनच द्या.

आणि एक मिनिट काढून एवढे करून पाहा. कार्यालयातल्या जुन्या फाइलमधली एक ओळ कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये किंवा स्वतःच्या व्हॉट्सअॅपवर चिकटवा. मराठी दिसली तर ठीक. रोमन अक्षरे दिसली तर काम बाकी आहे. सगळे एकदम करू नका. सभासदांची यादी, शाळेचे जनरल रजिस्टर, मालमत्तेच्या नोंदी, जिथे माणसांची आणि गावांची नावे आहेत तिथून सुरुवात करा. पत्रव्यवहार मागून आला तरी चालेल.

त्या ताई पुढच्या मे महिन्यात निवृत्त झाल्या. तुमच्या कार्यालयातल्या ताई केव्हा निवृत्त होणार आहेत, ते आजच विचारा आणि काम त्याआधी संपवा.